सुखरूप पोचल्याचा निरोप

धारच्या आमच्या देवळात नवं माणूस आलं, की त्याची सुटका नसे. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. कौलारू छप्पर, चुन्याच्या भिंती, आत सतरंज्या. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. दारात कुणी अनोळखी उभं दिसलं की निम्मी मंडळी उठायचीच. "मी आपला मागं बसतो" म्हणणाऱ्याला हाताला धरून पुढच्या सतरंजीवर न्यायचं. माळव्यातले म्हातारे "आओ भिया, बेठो, आपणो घर है" म्हणत सरकून जागा करायचे. उपासना संपली की हातावर गूळ-फुटाणे, आणि मग प्रश्न. कुठले? कुणापैकी? घरी कोण? जेवणार कुठं? नुसता सावलीला टेकलेला माणूस दुपारी कुणाच्या तरी घरी पाटावर बसलेला असे.

मी चेष्टा करते असं समजू नका. मीही अशीच धरून नेलेली. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि मला नगरहून उचलून इथं आणलं. हिंदी येईना, माळवी तर ऐकूनच घाबरायला व्हायचं. पहिल्या रविवारी मी पदराआड रडत होते. तेव्हा शेजारची एक बाई म्हणाली, "रडतेस काय गं? चल घरी, पिठलं टाकते." त्या काकू. मंडळीच्या पंचांची बायको. पंच तरुणपणी संस्थानच्या पागेत होते, घराणं पिढ्यान्‌पिढ्या धारचं, त्यामुळे काकूंची मराठी जुन्या वळणाची आणि मधूनच हिंदीत घसरणारी. त्या दिवसापासून मला माहेर म्हणून धारमध्ये तेवढं एक घर झालं.

काकूंचा एक नेम होता. मिशनच्या आवारात कुणीही नवं राहायला आलं की त्याच्या घरी सुखरूप पोचल्याचा निरोप धाडायचा. गाडीवान, बैरागी, बाजाराला जाणारी बाई, जो कुणी त्या दिशेला निघाला असेल त्याला पकडायचं, पाणी पाजायचं आणि निरोप तोंडपाठ करून घ्यायचा. "तुमचं माणूस धारला आहे, जेवतं-खातं आहे, घोर करू नका." याच्यामागं कारण होतं. छप्पनच्या काळात, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळात, मिशनच्या ओसरीवर पोरं येऊन पडायची आणि जायची. कुणाची आई नालछ्याच्या वाटेवर शोधत असेल, कुणाचा बाप अमझेऱ्याला, आणि इकडं पोर मातीत गेलेलं. काकूंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणायच्या, "पाहुण्याला जेवू घातलं आणि त्याच्या घरी कळवलं नाही, तर ते अर्धंच आदरातिथ्य." मला पटायचं. अहो, कुणाला पटणार नाही?

ती बाई आली ती दिवाळीच्या थोडी आधी. मिशनच्या दवाखान्यात. कडेवर पाच-सहा वर्षांची पोर, तापानं फणफणलेली. बाई मराठा घरातली, नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलायला मराठी. तिथल्या डॉक्टर मडमनं मला बोलावून घेतलं, कारण बाई घाबरली की हिंदी विसरायची. पोर बरी होईतो त्यांना बायकांच्या खोल्यांत जागा मिळाली. पोरीचा ताप उतरला तरी आई हलायचं नाव घेईना. मी विचारलं, "घरी कळवायचं का?" तर माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला लेकराची शपथ आहे. कळवू नका. कुणाला सांगूही नका."

मग तिनं सांगितलं. सासर देवासचं. आदल्या प्लेगमध्ये नवऱ्याला गाठ आली, आशा सुटली. तेव्हा सासूनं खंडोबाला नवस बोलला: माझा लेक उठू दे, त्याची मुलगी तुझ्या पायाशी सोडीन. लेक उठला. आता येत्या चंपाषष्ठीला नवस फेडायचा होता, पोरीचं देवाशी लग्न लावून तिला मुरळी करायची होती. मुरळी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. देवाच्या दारात नाचत-गात जन्म काढायचा, स्वतःचं म्हणावं असं घर नाही, आणि लोकांच्या नजरा. तर ही अमझेऱ्याच्या देवीला जाणाऱ्या गाड्यांबरोबर निघाली, वाटेत "धामनोदला मामाकडं जाते" असं सोबतच्या बायांना सांगून उतरली आणि पोरीचा ताप वाढला म्हणून धारला शिरली. सासरची माणसं तिला धामनोदच्या अंगाला शोधत होती.

मला वाटलं ती देवाला शिव्या घालील. छे! कनवटीला भंडाऱ्याची पुडी होती. रोज सकाळी पोरीच्या कपाळाला चिमूटभर लावायची, आमच्या आवारात, आमच्या प्रार्थनेच्या घंटेला. "देव वाईट नाही हो ताई," ती म्हणाली, "त्यानं माझं कुंकू राखलं. पण पोर माझी आहे. आता तुम्हीच सांगा, कुंकू पुसू का पोर देऊ?" मी काय सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड मिटून ठेवायचं वचन दिलं.

रविवारी ती देवळात आली. मागं बसते म्हणाली, पण आमच्या मंडळीत मागं कोण बसू देतो! काकूंनी तिला पुढं आणलं, पोरीला मांडीवर घेतलं. मराठी बोलणारी बाई आमच्यात आधीच मोजकी, आणि ही तर बोलली की घर आठवायचं. काकू वेड्या झाल्या तिच्यामागं. आज थालीपीठ, उद्या शेंगदाण्याची आमटी, परवा पोरीला परकर शिवला. मी काकूंना बाजूला घेऊन बजावलं, "काकू, तिला काही विचारू नका हं. दुखरं आहे." काकू म्हणाल्या, "मी कशाला विचारू? मला काय अक्कल नाही?"

पोर मात्र खुलली. तशी पोर मी पाहिली नाही पुन्हा. बाहुलीएवढी, पण तोंडाचा पट्टा चालूच. तिला काम हवं असायचं. म्हणून मी तिला देवळाच्या दारात माझ्याशेजारी उभं करायला लागले. तिला शिकवलं, नवं माणूस आलं की त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "या, आपलंच घर आहे." निघताना म्हणायचं, "परत या हं, आम्ही वाट बघतो." ती हे इतकं मनापासून करायची, की एकदा भाजीवाली दारातून डोकावली तर तिलाही टोपलीसकट आत नेऊन बसवलं. डॉक्टर मडम हसून हसून लाल झाली. पोरीची आईसुद्धा त्या दिवशी हसली. तेवढं एकदाच मी तिला हसताना पाहिलं.

काकूंनी शब्द पाळला बरं का. आईला काही विचारलं नाही. पोरीला विचारलं. ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या दोघी, आणि पोरीनं सगळं अभिमानानं सांगितलं. आमच्या दारातून देवीची टेकडी दिसते. आमच्या बाबांकडं घोडा आहे. आजी मला मांडीवर घेऊन निजवते. आजोबा थोरल्या पातीच्या सरकारवाड्यावर असायचे, मोठ्ठ्या मिशा होत्या. झालं! देवीची टेकडी आणि थोरली पाती, म्हणजे देवासच! काकूंनी हिशेब लावला आणि तिसऱ्या नात्यातच त्यांना सापडलं. नणंदेच्या दिराच्या साडूचं घर! मराठी माणसाचं असंच. माळव्यात कुठंही टाका, घटकाभरात सोयरीक काढणार, आणि एकदा ती निघाली की गप्प बसणं म्हणजे पाप.

मी विहिरीवर धुणं धूत होते. काकू आल्या त्या आनंदानं फुललेल्या. "अगं, आपली पाहुणी माझ्या नात्यातली निघाली! घरची मंडळी बिचारी जीव टांगून बसली असतील. इंदुरावरनं देवासला धान्य नेणारा गाडीवान सकाळीच निघाला, त्याच्यापाशी निरोप दिला. सून आणि नात धारला मिशनमध्ये सुखरूप आहेत, घोर करू नका म्हणून."

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. "काकू!" एवढंच मी ओरडले, आणि ओल्या पायांनी इंदूरच्या रस्त्याला धावले. कुणाला गाठणार होते मी? सकाळी गेलेली गाडी. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, "कई हुओ बई?" मी त्याला काय सांगू? तिथंच दगडावर बसले आणि भर उन्हात रडले. रागानं रडले, खोटं कशाला बोलू? काकूंवर राग, त्या सोयरिकीवर राग, आमच्या त्या गूळ-फुटाण्यांवर राग. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण तेव्हा निदान मारुती तरी होतो. इथं काय झालं होतं?

परत येऊन मी तिला सांगितलं. ती ओरडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "ताई, आता सांगा ज्याला सांगायचं त्याला."

म्हणून सांगत सुटले. आधी आमच्या ह्यांना. म्हटलं, तिला नगरला माझ्या आईकडं पाठवू. हे कपाळाला हात लावून बसले. "अगं, दुसऱ्याची बायको, दुसऱ्याची पोर. पळवून नेली म्हणून दरबारात फिर्याद झाली तर शाळेला कुलूप लागेल. मग बाकीची पोरं कुठं जातील?" मी चिडून म्हटलं, "मग ही एक पोर जाऊ दे म्हणता?"

डॉक्टर मडमचे डोळे भरले. तिनं वरच्या साहेबांना विचारलं, दरबारातल्या कुणाला विचारलं, आणि येऊन तिच्या त्या तुटक हिंदीत म्हणाली, "बाप ज़िंदा है। बच्ची पर बाप का हक़ है। हम प्रार्थना करेंगे।" प्रार्थना तर मी चुलीपुढं करतच होते. देवासात दाद मागावी तर तिथली तऱ्हा वेगळीच. एका गावात दोन राजे, रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. थोरल्या पातीचे लोक तिच्या सासऱ्याचे, आणि धाकटी म्हणणार आमचा काय संबंध? दोन दोन गाद्या, आणि एका बाईचं ऐकून घ्यायला कुणी नाही.

राहिले उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब. ते उत्तरेकडचे, सरळ माणूस. तिनं त्यांना विचारलं, "मी बाप्तिस्मा घेतला तर पोर वाचेल का?" ते म्हणाले, "बहन, झूठ नहीं बोलूँगा। वादा नहीं कर सकता।" ती म्हणाली, "मग नको साहेब. एका देवाशी आधीच बिघडलंय. दुसऱ्याला कशाला फसवू?" ते ऐकून तिला पदराखाली घेऊन लपवावं, असं मला झालं.

काकूंना नवसाचं कळलं तेव्हा त्या जेवायच्या थांबल्या. रोज फाटकाशी जाऊन बसायच्या, जणू निरोप परतीच्या वाटेवर सापडेल. आणि ती बाई? ती दुसरीकडं का गेली नाही, असं विचाराल. कुठं जाणार? आई-बाप नाहीत, धामनोदच्या मामाचं घर आधीच पालथं घातलेलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. ती नुसती पोरीचे केस विंचरत बसायची. विंचरून झाले की सोडायची आणि पुन्हा विंचरायची.

असाच रविवार आला. पहिली घंटा झाली होती. मी दारात, पोर माझ्याशेजारी, काकूंनी शिवलेल्या परकरात. ऊन कोवळं होतं. फाटकाशी एक छकडा येऊन थांबला आणि त्यातून एक म्हातारी उतरली. लुगडं स्वच्छ, पाय अनवाणी, हातात गाठोडं. देऊळ बघून बावरून उभी राहिली. मी ओळखलं. कसं ते विचारू नका, त्या पोरीचं नाक तिच्या तोंडावर होतं. मी पोरीचा हात धरायला खाली बघितलं, तर पोर जागेवर नव्हती.

ती धावत सुटली होती. "आजी! माझी आजी!" म्हातारीनं गाठोडं टाकलं आणि तिला छातीशी घेतलं. दोघी रडल्या, हसल्या. आणि मग पोरीला आपलं काम आठवलं. तिनं म्हातारीचा हात धरला, ताठ झाली आणि मोठ्यानं म्हणाली, "या, आपलंच घर आहे."

ती तिला माझ्या समोरून आत घेऊन गेली. पुढच्या सतरंजीवर नेऊन बसवलं. सगळी मंडळी हरखली. म्हातारे सरकले, "आओ माजी, बेठो" सुरू झालं, कुणी पाणी आणलं. त्यांना कुठं काय ठाऊक! आजी आली, नातीला भेटली, याहून गोड ते काय? आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी. काय करायला हवं होतं मी? म्हातारीला हाताला धरून बाहेर काढायची? आमच्या देवळातून?

आई आली ती बाकीच्या बायकांबरोबर. उंबऱ्यात तिला सासूची पाठ दिसली. ती थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि जाऊन सासूच्या पाया पडली. मग तिच्या शेजारी बसली. अख्खी उपासना त्या तिघी एका ओळीत बसल्या होत्या, पोर आजीच्या मांडीवर. पाळकसाहेब काय बोलले, मला एक अक्षर आठवत नाही.

उपासनेनंतर ओसरीवर बोलणं झालं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण म्हातारी आवाजसुद्धा चढवीना. "सूनबाई, तू गेलीस आणि त्याला पुन्हा ताप भरायला लागला. गाडीत पडलाय बघ. मला एकच लेक आहे." छकड्यात घोंगडीखाली एक माणूस होता, नुसता सांगाडा. पोरीला बघून त्यानं हात वर करायचा प्रयत्न केला.

माझा तोल गेला. "लेकासाठी नात देता? स्वतःला द्या की देवाला!"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. "बाई, मला घेत असता तर मी चालत गेले असते. म्हातारीला कोणता देव घेतो?"

डॉक्टर मडम खाली जाऊन रोग्याला तपासून आली, औषधाची बाटली दिली, इथंच ठेवा म्हणाली. म्हातारी म्हणाली, नवस फिटल्याशिवाय औषध लागणार नाही. पाळकसाहेब हात जोडून उभे होते. आमचे हे जमिनीकडं बघत होते. एवढी मंडळी, एवढे हात, आणि एकही हात पुढं करता येईना. तीच आपण होऊन उठली. "चला," म्हणाली. मी तिचा दंड धरला. ती हळूच म्हणाली, "सोडा ताई. मी नसले तर ती रात्री कुणाला हाक मारील? देवळाच्या पायरीशी बसेन, पण तिच्याजवळ राहीन."

काकूंनी दशम्या बांधून दिल्या, लसणीची चटणी दिली, पोरीच्या ओच्यात गूळ-फुटाणे घातले. निम्मे फुटाणे खालीच सांडले. म्हातारी त्यांच्या गळ्यात पडली. "तुमच्यामुळं माझी माणसं सापडली," म्हणाली, "देव तुमचं भलं करो." काकू तिथंच पायरीवर बसल्या आणि मग बराच वेळ उठल्या नाहीत. त्यानंतर मंडळीत किती नवी माणसं आली, पण काकूंनी कुणाच्या घरी कधी निरोप धाडला नाही.

छकडा हलला. पोर मागच्या बाजूला, आईच्या मांडीत, तोंड आमच्याकडं. गावाला निघाल्याचा कोण आनंद! सगळी मंडळी दारात उभी बघून तिला वाटलं असावं, आपलं काम अर्धं राहिलं. ती गाडीतच उठून उभी राहिली. आईनं कमरेला धरलं. दोन्ही हात जोडून, मी शिकवलं होतं तसं, शब्द न चुकवता ती आम्हाला ओरडून म्हणाली, "परत या हं! आम्ही वाट बघतो!"